३० लाख मैलांची लाल गाडी

या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे लोकलच्या गर्दीत इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी. बोलतानाचा थोडा पाल्हाळ कापलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका आकड्यापासून करू. ३०,००,०००. तीस लाख मैल, म्हणजे साधारण ४८ लाख किलोमीटर. हे एका गाडीचं रनिंग आहे. आपल्याकडे मायलेज म्हटलं की लिटरला किती देते हेच डोक्यात येतं, म्हणून आधीच सांगतो, आज विषय रनिंगचा आहे. एक गाडी, एक मालक, आणि पृथ्वीला १२० फेऱ्या होतील एवढं अंतर.

अजून सोपं करू. मुंबई ते पुणे धरा १५० किलोमीटर. ही गाडी ४७ वर्षं, रोज, सुट्टी न घेता, सरासरी २८० किलोमीटर धावली. म्हणजे जवळजवळ रोज एकदा मुंबई-पुणे-मुंबई. १९६६ पासून २०१३ पर्यंत.

आता कोणी म्हणेल, "काय भारी गाडी असेल!" आज मला बोलायचंय ते नेमकं याच वाक्याबद्दल. कारण गोष्ट जितकी खोलात वाचत गेलो, तितकं गाडीचं कौतुक थोडं कमी झालं आणि दुसऱ्याच एका गोष्टीचं वाढलं.

मास्तर आणि त्यांची गाडी

मालकाचं नाव अर्व्ह गॉर्डन. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड म्हणून एक लांबट बेट आहे, तिथले शाळामास्तर. विषय विज्ञान. घर आणि शाळा यांच्यात भरपूर अंतर, रोजचं येणं-जाणं १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर. अशा माणसाला गाडीत एकच गुण हवा असतो: सकाळी सेल्फ मारला की चालू झाली पाहिजे.

३० जून १९६६ ला त्यांनी एक लाल व्होल्व्हो १८००एस घेतली. किंमत ४,१५० डॉलर. मास्तरांचा तेव्हाचा जवळपास वर्षभराचा पगार. तो गुरुवार होता, पुढे ४ जुलैच्या अमेरिकन स्वातंत्र्यदिनाची जोडून सुट्टी. गॉर्डन गाडी घेऊन जे निघाले, ते पहिल्याच वीकेंडला १,५०० मैल फिरून आले आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी शोरूमला हजर. आपल्याकडे नव्या गाडीला नारळ फोडून, लिंबू ठेवून झालं की पहिली सर्व्हिस येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. इथे सुट्टी संपायच्या आत काम झालं!

पुढचा हिशोब भराभर सांगतो. १९८७ मध्ये दहा लाख मैल पूर्ण. १९९८ मध्ये १६ लाख ९० हजार मैलांवर गिनीज बुकात नोंद: एकाच मालकाकडे, धंद्यासाठी न वापरलेल्या गाडीचं सर्वात जास्त रनिंग. २००२ मध्ये वीस लाख. आणि १८ सप्टेंबर २०१३ ला, अलास्कातल्या गर्डवूड गावाजवळ, तीस लाख. पहिले दहा लाख व्हायला २१ वर्षं लागली, दुसऱ्यांना १५, तिसऱ्यांना फक्त ११. म्हणजे गाडी म्हातारी होत गेली तशी जास्त पळायला लागली. कारण सोपं आहे, मास्तर १९९६ मध्ये निवृत्त झाले आणि मग नुसती भटकंती.

गॉर्डन २०१८ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी गेले. तोवर आकडा ३२ लाख मैलांच्या पुढे गेला होता.

पाच घरांचं मीटर

हा आकडा त्या काळात किती विचित्र होता, ते कळायला जरा मागे जाऊ.

१९६० च्या दशकातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या ओडोमीटरला मैलांसाठी पाचच घरं असायची. ९९,९९९ झालं की पुढे पुन्हा ००,०००. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटिजर ओव्हरफ्लो म्हणतो. व्हेरिएबलमध्ये जागाच कमी ठेवली, कारण एवढा मोठा आकडा येईल असं लिहिणाऱ्याला वाटलंच नाही. गाडीच्या बाबतीतही तेच. लाख मैल झाले की गाडीचं आयुष्य संपलं, असा सर्वसाधारण समज होता. मोजायचं कशाला?

आणि या समजाला बाजाराची साथ होती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकातच दरवर्षी नवं मॉडेल आणायची पद्धत रुजवली होती. इंजिन तेच, पण पत्र्याचा आकार वेगळा, क्रोम वेगळं, मागचे दिवे वेगळे. जुनी गाडी बिघडायच्या आधी जुनाट वाटली पाहिजे, हा हिशोब. फोनच्या बाबतीत आपण आज जे बघतो ना, त्याचे हे आजोबा.

अशा जमान्यात एक मास्तर एका गाडीला चिकटून राहतो, हे बंड म्हणून नव्हतं. त्यांना चालवायला आवडायचं आणि गाडी चालत होती, एवढंच.

गाडी खरंच एवढी भारी होती का?

चांगली होती, नक्कीच. पण जादूची नव्हती. तिची जन्मकथाच थोडी गडबडीची आहे.

१९५० च्या दशकात व्होल्व्होला एक देखणी स्पोर्ट्स कार हवी होती. व्होल्व्होचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांना डिझाइन इटालियन पाहिजे होतं. निवडलं गेलेलं डिझाइन इटलीतल्या फ्रुआच्या स्टुडिओतून आलं खरं, पण काढलं होतं तिथे काम करणाऱ्या पेल्ले पेटरसन या तरुण स्वीडिश पोराने, आणि त्याचे वडील व्होल्व्होचेच सल्लागार! पुढे कितीतरी वर्षं श्रेय फ्रुआच्या नावावरच राहिलं.

मग बनवायची कुठे? व्होल्व्होच्या कारखान्यात जागा नव्हती. म्हणून १९६१ पासून बॉडी स्कॉटलंडमध्ये आणि जुळणी इंग्लंडमध्ये जेन्सनच्या कारखान्यात. दर्जाच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिल्या सुमारे ६,००० गाड्यांनंतर, १९६३ मध्ये, जुळणी स्वीडनला हलवली. १८००एस मधला 'एस' तिथला. म्हणजे हीच गाडी, हेच डिझाइन, पण जुळणी कोण कशी करतं यावर दर्जा बदलला.

आणखी एक मजा. ही गाडी दिसायला स्पोर्ट्स कार, टीव्हीवर 'द सेंट' मालिकेत रॉजर मूर हीच चालवायचा. पण खालचं बरंचसं सामान व्होल्व्होच्या ॲमेझॉन नावाच्या साध्या फॅमिली कारशी जुळणारं. ऐकायला निराशाजनक वाटेल, पण दीर्घायुष्याचं पहिलं गुपित हेच. फॅमिली कार खूप विकली जाते, त्यामुळे तिचे पार्ट मिळत राहतात आणि मेकॅनिकला ती पाठ असते. दुर्मीळ गाडी एका वायसरसाठी सहा महिने उभी राहते.

इंजिनाच्या आत काय होतं?

आता थोडं पोटात शिरू. कंटाळा येणार नाही, प्रॉमिस.

गॉर्डनच्या गाडीतलं इंजिन बी१८. चार सिलिंडर, १.८ लिटर, बीडाचं. यातला फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक. तो ज्यांच्यावर टेकतो ती मेन बेअरिंग. याआधीच्या व्होल्व्हो इंजिनात ती तीन होती, बी१८ मध्ये पाच. लांब फळीला मध्ये जास्त टेकू दिले की ती कमी वाकते, तसंच. दांडा कमी वाकला की झीज कमी.

पण खरी गंमत ऑइलची. क्रँक वेगाने फिरतो तेव्हा तो बेअरिंगला टेकलेलाच नसतो. मध्ये ऑइलचा केसापेक्षा पातळ थर असतो आणि दांडा त्यावर तरंगतो. पावसात जोरात जाणारी गाडी पाण्याच्या थरावर उचलली जाते ना, तेच तत्त्व, फक्त इथे ते आपल्या फायद्याचं. हा थर टिकला तर धातूला धातू घासत नाही. मग झीज होते कधी? मुख्यतः दोन वेळा: थंड इंजिन चालू करताना, जेव्हा ऑइल खाली बसलेलं असतं, आणि ऑइल खराब झाल्यावर.

थंड स्टार्टला जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढावा लागायचा. जादा पेट्रोल आत जायचं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकायचं. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं, तर ती वाफ ऑइलमध्येच थिजते, त्यात आम्ल तयार होतं, आत गंज आणि चिखल. तासभर चालवलं तर ती उडून जाते.

आता मास्तरांचा रस्ता आठवा. एका वेळेला १०० किलोमीटर, बहुतेक मोकळा हायवे, एकसारखा वेग. एक थंड स्टार्ट आणि १०० किलोमीटर तापलेलं इंजिन. म्हणजे त्यांचे तीस लाख मैल आणि दादरच्या ट्रॅफिकमधले तीस लाख मैल हे एक नाहीत. लांबचं अंतर गाडीला मारत नाही, उलट जपतं. हे कळलं की त्या विक्रमाचा अर्धा चमत्कार उलगडतो.

उरलेला अर्धा मात्र माणसाचा.

८५० वेळा तेच काम

गॉर्डनना लोक विचारायचे, गुपित काय? त्यांचं उत्तर इतकं साधं असायचं की ऐकणारा हिरमुसायचा: गाडीबरोबर मिळणारं मॅन्युअल वाचा आणि त्यात लिहिलंय ते करा. ऑइल साधारण ३,००० ते ३,५०० मैलांना बदलायचं. फिल्टर कंपनीचा. गाडी वेळच्या वेळी धुवायची. कुठून वेगळा आवाज आला तर तो त्याच वेळी बघायचा, 'पुढच्या सर्व्हिसला सांगू' म्हणून ठेवायचा नाही.

गाडी धुणं हा हौसेचा भाग वाटतो, पण त्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालून पत्र्याला लागतं आणि गाडी कुजते. तिथल्या किती तरी जुन्या गाड्या इंजिन चालू असताना पत्र्यामुळे भंगारात गेल्या. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता गुणाकार करा. तीस लाख मैल, साडेतीन हजाराला एकदा ऑइल. साडेआठशेपेक्षा जास्त ऑइल चेंज! त्यातला एकही बातमी होण्यासारखा नाही. साडेआठशे वेळा नट सोडला, काळं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवीन ओतलं, नोंद केली.

इंजिन पहिल्यांदा खोलून बांधलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. म्हणजे जवळजवळ ११ लाख किलोमीटर. त्यानंतर वीस लाखांच्या पुढे आणखी एकदा. बस. ४७ वर्षांत दोनदा.

इथे मला आमच्या क्षेत्राबद्दल एक बोलावंसं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये नवीन फीचर लाँच झालं की केक कापतात. पण जी सिस्टिम दहा वर्षं रात्रंदिवस चालतेय, तिचे पॅच वेळेवर टाकणारा, लॉग वाचणारा, डिस्क भरायच्या आधी साफ करणारा, त्याच्यासाठी केक नसतो. त्याने काम चोख केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणं दिसत नाही. गॉर्डनचं वेगळेपण एवढंच की त्यांच्या न घडलेल्या गोष्टींना एक मीटर लावलेलं होतं. त्यामुळे देखभालीसारखी अदृश्य गोष्ट आकड्यात दिसली.

पण ती गाडी तीच होती का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. इंजिन दोनदा बांधलं, टायर, ब्रेक, क्लच, असंख्य पार्ट बदलले. मग 'तीच' गाडी कशी?

याचं दुसरं टोक बघा. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाचे टॅक्सीवाले होते. १९८१ मध्ये त्यांनी १९७६ ची मर्सिडीज २४०डी सेकंडहँड घेतली, आधीच २ लाख २० हजार किलोमीटर चाललेली. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा रनिंग होतं ४६ लाख किलोमीटर! साधं, संथ डिझेल इंजिन. पण एकच नाही, ते इंजिनं आलटून पालटून वापरायचे. एक गाडीत, दुसरं दुरुस्तीला. टॅक्सी उभी राहिली तर त्या दिवशीची कमाई बुडते, हे कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा.

मग यातलं 'खरं' दीर्घायुष्य कोणाचं? मला विचाराल तर दोन्ही. कारण एवढं चालणारी वस्तू म्हणजे फक्त लोखंड नसतं. मागे पार्ट बनवणारा कारखाना, ओळखीचा मेकॅनिक, लिहिलेल्या नोंदी आणि एक चिकट मालक, अशी साखळी असते. यातली एक कडी तुटली की गाडी थांबते, इंजिन कितीही भक्कम असो.

किलोमीटर की कॅलेंडर?

ही साखळी आपण मुंबईत स्वतः बघितली आहे. काळी-पिवळी पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळ डिझाइन फियाट ११००. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं, तरी टॅक्सी पुढे दोन दशकं पळत राहिल्या, कारण शहरातल्या मेकॅनिक लोकांना ती डोळे मिटून खोलता यायची.

पण पद्मिनीचा शेवट इंजिनाने केला नाही, तारखेने केला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी इतिहासजमा. किती चालली, कशी ठेवली, हा प्रश्नच नव्हता.

याबद्दल हळहळ वाटते, मलाही वाटली. पण दुसरी बाजू सोडून चालणार नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. कितीही प्रेमाने ठेवलं तरी त्याचा धूर आजच्या गाडीएवढा स्वच्छ होत नाही. एअरबॅग नाही. गॉर्डनची गाडीही याला अपवाद नव्हती, तिच्यात व्होल्व्होचे तीन ठिकाणी अडकणारे सीटबेल्ट होते, एवढीच त्या काळातली चैन. देखभाल गाडीला आहे तशी ठेवते. तिला पुढच्या पिढीची बनवत नाही. वयोमर्यादेच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा हाच आहे.

हा वाद आमच्या घरात सध्या रोज चालू आहे. बाबांची २००९ ची पेट्रोल गाडी. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलंय. बाबांचं म्हणणं, "अरे, रनिंग फक्त ६२ हजार आहे, नव्यासारखी गाडी!" आईचं म्हणणं, विकून टाका. आणि मी गॉर्डनचा अभ्यास करून बाबांना सांगितलं की बाबा, ६२ हजार हाच तर काळजीचा मुद्दा आहे. गाडी जाते कुठे? भाजी मंडई, बँक, देऊळ. दोन किलोमीटर जायचं, बंद, परत दोन किलोमीटर. इंजिन कधी नीट तापतच नाही. रबरी होज, बेल्ट, टायर हे तर उभ्या गाडीतही म्हातारे होतात. म्हणूनच मॅन्युअलमध्ये 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं. आपण सगळे त्यातला पहिला अर्धा भागच वाचतो.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ठीक आहे, दर रविवारी लोणावळ्याला जाऊन येऊ." आता आईचा विरोध मावळलाय.

तर मंडळी, तुमच्या घरीही अशी एखादी गाडी किंवा बाइक असेल, जिच्याबद्दल ठेवायची की काढायची हे ठरत नाहीये. मी ठेवा असंही म्हणणार नाही, काढा असंही नाही. तीन गोष्टी मात्र आज रात्री बघा. एक, मॅन्युअल कुठे आहे? बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट तसंच पडलेलं असतं. दोन, शेवटचं ऑइल कुठल्या तारखेला बदललं, हे लिहिलेलं सापडतं का? तीन, तिचे पार्ट अजून मिळतात का आणि तिला ओळखणारा मेकॅनिक आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

आणि हो, मीटरचा फोटो काढून रनिंग किती झालंय ते कमेंटमध्ये टाका. सर्वात जास्त रनिंगवाल्याला पुढच्या भागात बोलायला बोलवू. फक्त मीटर फिरवलेलं नको!

भेटू पुढच्या शुक्रवारी. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा आणि ऑइल बघत राहा.